बीथोव्हेनचा पियानो, आपला पियानो : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाश्चात्त्य अभिजात पियानो संगीताच्या तीनशे वर्षांचा आढावा आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. ते वरवर वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांची गाठ एकाच जागी आहे: नोटेशन ज्या वाद्यासाठी लिहिलं गेलं, ते वाद्य आज आपल्या घरात नाही.

मुलीसाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आहे. शिक्षिका ८८ पट्ट्यांचा घ्या म्हणतात. तुमच्या लेखात तर मोझार्टच्या पियानोलाही ६१च पट्ट्या होत्या असं आहे. त्याचं भागत होतं, मग आमचं का नाही? (ठाणे)

पट्ट्या तेवढ्याच, पण जागा वेगळी. मोझार्टचा पियानो एफ या स्वरापासून एफपर्यंत पाच सप्तकांचा होता. तुमचा कीबोर्ड सीपासून सीपर्यंत पाच सप्तकांचा आहे. दोन्हींचा मधला सी एकमेकांसमोर ठेवून पाहा. मोझार्टच्या डाव्या हाताला तुमच्याहून सात पट्ट्या जास्त मिळतात. तुम्हाला त्या सात उजव्या टोकाला मिळाल्या आहेत, आणि तिथे त्याने जवळपास काही लिहिलेलंच नाही. त्यामुळे त्याचे सोनाटा वाजवताना खर्जातला एखादा स्वर अचानक सापडेनासा होतो.

बाखचं सोपं आहे. त्याच्या ‘वेल-टेंपर्ड क्लाविए’चा १७२२चा पहिला भाग चार सप्तकांत बसतो, म्हणजे तुमच्या कीबोर्डवर तो अख्खा वाजेल. बीथोव्हेनला मात्र लगेच अडायला होतं. ‘मूनलाइट’ सोनाटाच्या दुसऱ्याच बारमध्ये (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला खाना) डावा हात सीच्या खालच्या बीवर जातो आणि ती पट्टी तुमच्याकडे नाही. ‘फ्यूर एलिझ’मध्ये अडचण दुसऱ्या टोकाला येते. शेवटच्या पानावर उजवा हात ए मायनरच्या स्वरांनी चढत ईपर्यंत पोचतो, तुमचा कीबोर्ड त्याआधीच्या सीवर संपतो. ऑक्टेव्हचं बटण दाबून सगळे स्वर एक सप्तक खाली सरकवता येतात, पण मग वरचं एक सप्तक जातं.

(८८सुद्धा काहींना कमी पडल्या. राव्हेलच्या १९०१च्या ‘झ द’ओ’मध्ये एका जागी खर्जात जी शार्प हवा, असं कान सांगतो. पियानो ‘ए’ या स्वरावर संपतो, म्हणून त्याने तिथे तो ‘ए’ हाच स्वर लिहिला आहे. ब्योझेनडॉर्फर कंपनीच्या ‘इम्पीरियल’ पियानोला ९७ पट्ट्या असतात.)

शिक्षिकांचा खरा आग्रह बहुधा पट्टीच्या वजनाचा असावा. स्प्रिंगच्या पट्टीला हातोडीचं वजन नसतं, त्यामुळे बोटाला हळू आणि जोरात यांतला फरक हाताच्या वजनाने करण्याची सवय लागत नाही. पहिलं वर्षभर, पट्ट्या टच-सेन्सिटिव्ह (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त करणाऱ्या) असतील तर, आहे त्यावर चालेल. एका हाताने सूर वर काढायचा आणि दुसऱ्याने साथ दाबून ठेवायची, हे शिकायची वेळ आली की हॅमर अ‍ॅक्शनचा, म्हणजे पट्टीला हातोडीसारखं वजन असलेला, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. तोवर एक करा: कीबोर्ड टेबलावर ठेवू नका, टेबल उंच पडतं. कोपर पट्टीच्या पातळीत यायला हवं आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

प्रोग्रॅमवर ‘के. ३३१’, ‘ओपस ४९’, ‘बी. डब्ल्यू. व्ही. ८४६’ असं असतं. ओपसचा आकडा लहान म्हणजे रचना सोपी किंवा आधीची, असं समजायचं का? (नाशिक)

नाही. ओपस हा बहुतेक वेळा प्रकाशनाचा क्रमांक असतो. बीथोव्हेनचे ओपस ४९चे दोन छोटे सोनाटा १८०५ साली छापले गेले, पण लिहिले होते १७९०च्या दशकात. ओपस २७च्या ‘मूनलाइट’हून ते वयाने मोठे आणि वाजवायला कितीतरी सोपे आहेत. शोपँची ‘फँटसी-आँप्रोंप्त्यू’ ओपस ६६ म्हणून १८५५ साली निघाली, तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. के. म्हणजे क्योखेल, ज्याने १८६२ साली मोझार्टच्या रचना कालक्रमाने लावल्या. बाखची बी. डब्ल्यू. व्ही. यादी १९५०ची आहे आणि ती प्रकारवार आहे, त्यामुळे तिच्यावरून काळ कळत नाही. शूबर्टच्या रचनांपुढचा ‘डी’ हा त्याची यादी करणाऱ्या डॉइचचा. फसगत स्कारलाटीपाशी होते: त्याचे ५५५ सोनाटा कर्कपॅट्रिकने मोजले, म्हणून तिथेही ‘के.’च लागतो, आणि जुन्या पुस्तकांत लाँगोचा ‘एल.’ सापडतो. के. १४१ आणि एल. ४२२ हा एकच सोनाटा. नोट्स मागवताना दोन्ही आकडे लिहा.

‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या पानावर ‘सेन्झा सोर्दिनो’ असं छापलं आहे. सोर्दिनो म्हणजे आवाज दाबणारी वस्तू, म्हणून मी मधलं पेडल वापरत नाही. तरीही सर म्हणतात, चुकतंय. उजवं पेडल दाबून ठेवलं तर सगळा चिखल होतो. नक्की करायचं काय? (पुणे)

तुम्ही एकट्या नाही, ही चूक सर्रास होते. अपराइट (उभ्या खोक्याच्या) पियानोचं मधलं पेडल हातोडी आणि तार यांच्यामध्ये फेल्टची पट्टी सोडतं, आणि त्यालाही सोर्दिनो म्हणायची पद्धत आहे. पण बीथोव्हेनचा सोर्दिनो म्हणजे डँपर, म्हणजे बोट उचलल्यावर तारेवर बसून तिला गप्प करणारी गादी. ‘सेन्झा सोर्दिनो’ म्हणजे डँपर उचललेले ठेवून. आजच्या भाषेत, उजवं पेडल दाबून. सूचना पहिल्या ओळीवरच आहे आणि ती पूर्ण भागासाठी आहे: अत्यंत नाजूकपणे आणि डँपरविना.

आता चिखलाचं. सोनाटा १८०१चा. तेव्हाच्या व्हिएन्नी पियानोची चौकट लाकडी, तारा बारीक, ताण कमी आणि हातोडीच्या डोक्यावर चामडं असे. स्वर उमटायचा स्पष्ट, पण टिकायचा थोडाच वेळ. डँपर बऱ्याचदा गुडघ्याने दांडी उचलून वर करत. त्या वाद्यावर डँपर वर राहिले, तरी मागची स्वरसंगती नवी येईतो बरीचशी विरलेली असे आणि उरायचं ते फक्त धुकं. आजच्या ग्रँडवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) खर्जाची तार कितीतरी जास्त वेळ गुणगुणते. सूचना अक्षरशः पाळली तर तिसऱ्या बारपर्यंत तीन-चार संगती एकमेकींवर चढतात. बीथोव्हेनचाच शिष्य चेर्नी पुढे सांगून गेला आहे, की खर्जाचा स्वर बदलेल तसं पेडल नव्याने घ्यावं.

पहिले चार बार असे बसवा. पहिल्या बारमध्ये खर्ज सी शार्प, एकच पेडल. दुसऱ्यात खर्ज बीवर येतो, वरचे तीन स्वर तेच राहतात. इथे पाय पूर्ण उचलू नका. डँपर तारांना जेमतेम शिवतील इतकंच वर येऊन परत खाली जा. बारीक तारा गप्प होतात, जाड तारा थोड्या शिल्लक राहतात. हेच हाफ पेडल. तिसऱ्या बारमध्ये दोन संगती आहेत, खर्जात आधी ए आणि मग एफ शार्प, म्हणून दोन पूर्ण बदल. चौथा बार अवघड आहे, कारण खर्ज जी शार्पवर स्थिर असतो आणि वरची संगती चार वेळा बदलते. इथे डाव्या हाताची बोटं खर्जावर घट्ट धरून ठेवा. मग पाय दर मात्रेला बदलला तरी खाली पोकळी पडत नाही.

पायाची वेळ महत्त्वाची. बोट खाली जातं तेव्हा पाय वर येतो, नवा स्वर स्वच्छ ऐकू आला की पाय खाली. बोट आणि पाय एकदम खाली गेले तर जुनी संगती पेडलमध्ये अडकते. पाय आधीच उचलला तर मध्ये भोक पडतं. आधी फक्त डाव्या हाताचे खर्ज आणि पाय, एवढंच पाच-सहा वेळा करा. डिजिटल पियानोसोबत येणारं चौकोनी पेडल बऱ्याचदा नुसतं चालू-बंद स्विच असतं. त्यावर हाफ पेडल कितीही केलं तरी होणार नाही, वेगळं घ्यावं लागतं.

आणखी एक. काळ चार मात्रांचा नाही. सुरुवातीला काळ दाखवणारी इंग्रजी ‘सी’सारखी खूण असते, तिच्यावर उभी रेघ आहे, म्हणजे बारला दोनच मोठ्या मात्रा. हा भाग जितका रडत-रखडत वाजवला जातो तितका तो संथ नाही. त्यात चांदणंही बीथोव्हेनचं नाही, ते नाव त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाप नावाच्या समीक्षकामुळे चिकटलं.

बाखने पियानो पाहिला होता का? नसेल तर त्याचं संगीत पियानोवर लहान-मोठ्या आवाजात वाजवणं चूक ठरतं का? (मडगाव)

पाहिला होता, आणि आधी नापसंत केला होता. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने केलेल्या पियानोची नोंद १७०० सालच्या यादीत आहे. त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत, १७२०चा न्यूयॉर्कमध्ये, १७२२चा रोममध्ये आणि १७२६चा लाइपझिगमध्ये. जर्मनीत झिल्बरमानने त्या धर्तीवर पियानो बनवले. बाखने ते वाजवून पाहिले आणि वरचे स्वर अशक्त, पट्टी जड, असं सांगितलं. झिल्बरमानने सुधारणा केल्यावर त्याची पसंती मिळाली. १७४७ साली पोट्सडामला फ्रेडरिक राजापुढे बाखने झिल्बरमानच्या पियानोवर वाजवलं. पण खास पियानोसाठी छापलेलं पहिलं संगीत त्याचं नव्हे, ते १७३२ साली आलेले जुस्तीनीचे बारा सोनाटा.

हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या दांडीचं टोक तार छेडतं. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून तिथे वाक्य घडतं ते स्वर किती वेळ धरला आणि दोन स्वरांत किती फट ठेवली यावर. क्लाविकॉर्डवर मात्र बोटाने आवाज कमी-जास्त होतो, आणि बाखच्या घरात तेही वाद्य वापरात होतं. तेव्हा पियानोवर चढ-उतार करणं पाप नाही. आधी फट आणि लांबी ठरवा, मग चढ-उतार. सोळांश स्वर जोडून, अष्टमांश थोडे तोडून, ही सुरुवातीला चांगली वाट आहे. पेडलशिवाय बसवा, बोटांनी जोडता येत नसेल अशा उडीवरच पाय लावा. जुन्या छापील प्रतींतले ‘क्रेशेंडो’ आणि वेगाचे आकडे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांचे आहेत. ‘उरटेक्स्ट’, म्हणजे अशी भर नसलेली मूळ संहिता, असं लिहिलेली प्रत घ्या.

जाता जाता: परीक्षेच्या पुस्तकांत बाखच्या नावाने येणारा जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट त्याचा नाही, क्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे.

माझ्या अपराइटवर एकच पट्टी भरभर वाजवली की मधले स्वर गायब होतात. ग्रँडवर होत नाही. पियानो बिघडलाय का? (कोल्हापूर)

बहुधा नाही, तो फक्त १८२१च्या आधीच्या जगात आहे. हातोडीने तार मारून लगेच सुटायला हवं, नाहीतर ती तारेलाच चिकटून आवाज मरेल. तारेच्या सुमारे दोन मिलिमीटर अलीकडे यंत्रणा हातोडीला सोडून देते आणि ती उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. हे सुटणं क्रिस्तोफोरीलाच साधलं होतं. ऑग्सबर्गच्या श्टाइनच्या पियानोत हातोडी कशी पटकन परत पडते, याचं कौतुक मोझार्टने १७७७ साली वडिलांना लिहिलेल्या पत्रात आहे. पण तोच स्वर पुन्हा मारायचा तर पट्टी जवळपास पूर्ण वर यावी लागे. पॅरिसच्या सेबास्त्यां एरारने १८२१ साली दुहेरी सुटकेची रचना पेटंट केली. हातोडी पूर्ण खाली न पडता मध्येच झेलली जाते आणि पट्टी अर्धी वर आली की दुसरा आघात तयार. लिस्टच्या ‘ला कांपानेला’तले किंवा राव्हेलच्या ‘आल्बोरादा’तले थरथरणारे स्वर या रचनेवर उभे आहेत. अपराइटमध्ये ही सोय सहसा नसते. तिथे हातोडी उभी असते आणि वजनाऐवजी स्प्रिंग आणि कापडी फितीच्या मदतीने मागे येते.

उपाय बोटांचा. तेच बोट वारंवार न मारता ३-२-१ असं बदला, आणि प्रत्येक बोट पट्टीवरून आत, तळव्याकडे ओढून काढा, म्हणजे पट्टीला वर यायला मोकळीक मिळते. एखादीच पट्टी अडत असेल तर मात्र बिघाड आहे: फीत तुटली असेल, स्प्रिंग ढिली असेल किंवा दमटपणाने पट्टीचं भोक आवळलं असेल.

ग्रँड लोखंडी कशी झाली, हेही तुम्ही विचारलं आहे. हॉल मोठे झाले, तारा जाड आणि ताणलेल्या हव्या होत्या, लाकूड वाकायला लागलं. बॉस्टनच्या बॅबकॉकने १८२५ साली एकसंध ओतीव लोखंडी चौकट पेटंट केली. १८२६ साली पॅरिसच्या पाप नावाच्या पियानो-कारागिराने चामड्याऐवजी फेल्टची हातोडी आणली. १८५९ साली स्टाइनवेने ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरक्या नेल्या. आज सुमारे २३० तारा मिळून १८ टनांच्या आसपास ओढ असते. आवाज वाढला, टिकायला लागला. शोपँ १८४९ साली गेला, तोपर्यंत त्याचा आवडता प्लेएल कंपनीचा पियानो याहून खूप हलका होता. म्हणून त्याच्या नोटेशनमधला ‘फोर्टे’ आजच्या ग्रँडवर पूर्ण ताकदीने मारू नये, हे आमचं स्पष्ट मत.

मी पेटी वाजवतो. पियानोचा गंधार कानाला चढा वाटतो. बाखच्या ग्रंथाच्या नावातच ‘नीट लावलेला’ असं आहे, मग हे काय? (मिरज)

तुमचा कान बरोबर आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. पियानोवर तो ४०० वर ठेवतात, म्हणजे १४ सेंट चढा. पंचम ७०२ ऐवजी ७००, तो फरक कळतही नाही. सगळा भुर्दंड गंधारावर पडतो. कारण साधं आहे. सीवरून ई, ईवरून जी शार्प, तिथून पुन्हा सी, असे तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर सुमारे ११५९ होतात आणि सप्तक ४१ सेंटनी अपुरं राहतं. तुमचा सा एकच असतो, म्हणून पेटीवाले ‘गंधार ट्यूनिंग’ करून देऊ शकतात. पियानोवरच्या रचनेत सा पाच मिनिटांत चार वेळा सरकतो.

बाखच्या नावातलं ‘वेल-टेंपर्ड’ म्हणजे समान वाटणी असं नाही. चोवीसही स्केल वापरण्याजोगी व्हावीत अशी जुळणी, एवढाच अर्थ. त्या काळच्या अशा जुळण्यांत सी मेजरचा गंधार गोड आणि सी शार्प मेजरचा करकरीत असे, म्हणजे प्रत्येक स्केलचा रंग वेगळा. बारा समान भागांची पद्धत सगळीकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात. ट्यूनर काम करताना पाहा. मधल्या सीच्या खालचे एफ आणि ए एकत्र दाबून तो लहर (आवाजाचं कमी-जास्त होत थरथरणं) मोजतो, सेकंदाला सुमारे ७. ते दोन स्वर शुद्ध जुळलेले असते तर लहर उठलीच नसती. त्याचं काम शुद्ध लावण्याचं नाही, अशुद्धता सगळ्यांत सारखी वाटण्याचं आहे.

गिरगावातल्या ओळखीच्या घरातला जुना अपराइट मिळतोय. खोका सुंदर आहे. घ्यावा का? (मुंबई)

खोका शेवटी पाहा. आधी वरचं झाकण उघडा. तारा सरळ उभ्या असतील आणि डँपर हातोड्यांच्या वर, तारांच्या पिंजऱ्यामागे असतील, तर तो जुन्या घडणीचा आहे. पिंजरा काढल्याशिवाय हातोडीला हात लागत नाही आणि दुरुस्ती महाग पडते. तारा तिरक्या एकमेकींवरून गेल्या असतील तर पुढे पाहा.

लोखंडी चौकटीला तडा असेल तर तिथेच थांबा. मग मोबाइलवरच्या ट्यूनरने मधल्या सीवरचा ए तपासा, तो ४४० हर्ट्झ हवा. ४१५ म्हणजे पियानो अर्धा स्वर उतरलाय. वर चढवता येतो, पण एका दमात नाही. दोन-तीन फेऱ्यांत, काही आठवड्यांच्या अंतराने चढवतात, आणि गंजलेल्या तारा तुटू शकतात. ट्यूनरला, तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्यांतल्या चार-सहा पिना किल्लीने हलवून पाहायला सांगा. पिन लोण्यासारखी फिरली तर आतलं लाकूड गेलंय, सूर आठवडाभरही टिकणार नाही. हातोडीच्या फेल्टला कसर लागली आहे का, तेही बॅटरीने पाहा.

घेतलाच, तर बाहेरच्या भिंतीला आणि एसीच्या झोतात ठेवू नका. पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांमागची, आवाज वाढवणारी लाकडी फळी) फुगून सूर चढतात, हवा कोरडी झाली की उतरतात. म्हणून जुलैत ट्यूनिंग करून पैसे घालवू नका, पाऊस सरून दोन-तीन आठवडे गेल्यावर करा. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहिली तर उत्तम. आत ४० वॉटचा बल्ब लावण्याची जुनी चाल आहे. त्याने एकच कोपरा भाजून निघतो, आणि आगीची भीती वेगळीच. आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारा हीटर रॉड मिळतो, तो बसवा. डांबरगोळ्या सुट्या टाकू नका, पुरचुंडीत बांधून टांगा. आणि पिना करकरतात म्हणून कुणी तेलाचा थेंब सोडायला निघालं तर हात धरा. ते तेल लाकडात मुरतं, आणि मग कुठलीच पिन धरत नाही.